हमालाला जागा आहे, तासिकेवरच्या प्राध्यापकाला नाही

सोलापूर जिल्ह्याच्या नकाशात मैंदर्गी पार कडेला आहे. अक्कलकोट तालुक्यातलं हे नगरपरिषदेचं गाव. पलीकडे कर्नाटकाची हद्द, गावात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात, आणि सोलापूर गाठायचं तर पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. अशा सीमेवरच्या पट्ट्यात एखाद्या लहान महाविद्यालयात शिकवणारा प्राध्यापक संघटनेचा सभासद असतो, तेव्हा तो वर्गणी पूर्ण भरतो. बहिष्काराचा आदेश आला की तोही उत्तरपत्रिकांना हात लावत नाही आणि पगार कापला गेला तर त्याचाही कापला जातो. संघटनेचा निर्णय ठरताना मात्र त्याच्या मताला वजन किती, हे सहसा कुणी विचारत नाही. विद्यापीठ क्षेत्राच्या प्राध्यापक संघटनेचा कारभार बरा की वाईट, हे या एका प्रश्नावरच पारखावं असं माझं म्हणणं आहे. सभासदसंख्या किती, मोर्चाला किती जण आले, मंत्र्यांनी कितीदा वेळ दिली, ही मोजमापं त्यानंतरची.

प्राध्यापकांच्या घरच्या भांडणात बाकीच्यांनी का डोकवावं, असं वाटू शकेल. पण यांचा बहिष्कार पुकारला गेला की निकाल लांबतात आणि पुढच्या वर्गातले प्रवेश अडतात. शिवाय आपल्याकडची विद्यापीठं संलग्न महाविद्यालयांची आहेत. एक विद्यापीठ आणि त्याला जोडलेली तालुक्यातालुक्यांतली कितीतरी महाविद्यालयं, अशी ही रचना. अमेरिकेत १९१५ मध्ये जॉन ड्यूई आणि आर्थर लव्हजॉय यांच्या पुढाकाराने प्राध्यापकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचं मूळ प्रत्येक विद्यापीठाच्या आवारातल्या शाखेत आहे आणि राज्य पातळीची परिषद त्या शाखांवर उभी आहे. तिथे एकाच आवारात शेकडो प्राध्यापक असल्यामुळे शाखा स्वतःच्या पायावर उभी राहते. आपल्याकडे चार-पाच प्राध्यापकांचं महाविद्यालय संस्थाचालकासमोर एकटं उभं राहूच शकत नाही. त्यामुळे मुळाचं काम क्षेत्रीय संघटनेलाच करावं लागतं आणि तिचा कारभार बिघडला तर खाली आधाराला काहीच उरत नाही.

हे क्षेत्र ठरवतं कोण, तर सरकार. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं आणि सोलापूर त्याच्या कार्यक्षेत्रात आलं. प्राध्यापक ज्या संघटनेला ‘सुटा’ म्हणून ओळखतात, ती शिवाजी विद्यापीठ शिक्षक संघ ही संघटना याच क्षेत्रातली. १ ऑगस्ट २००४ पासून सोलापूर जिल्ह्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव दिलं गेलं. सगळी महाविद्यालयं एकाच जिल्ह्यातली असणारं हे विद्यापीठ. सरकारने रेघ ओढली म्हणून संघटनेनेही आपली घडी मोडावी का? विदर्भातला अनुभव सांगतो की तशी गरज नाही. नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ निघालं, २०११ मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ निघालं, तरी नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ म्हणजे ‘नुटा’ एकत्र राहिला. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर विधान परिषदेचा पुणे शिक्षक मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचा आहे. म्हणजे सोलापूरच्या प्राध्यापकाचं विद्यापीठ एका जिल्ह्याचं आणि आमदार पाच जिल्ह्यांचा. संघटनेची हद्द लहान असावी की मोठी, यावर वाद घालत बसण्यात मला फारसं हशील दिसत नाही. हद्द कुठलीही असो, तिच्या कडेला कुणीतरी असणारच, आणि खरा प्रश्न त्या कडेवरच्याचा आहे.

या प्रश्नाला धार येते ती कायद्यामुळे. कारखान्यातल्या कामगाराला औद्योगिक विवाद कायद्याने जी दारं उघडी केली, ती शिक्षकाला बंदच राहिली. गोव्यातल्या ए. सुंदरंबाळ या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केलं की शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे. त्याला विद्यापीठाची तक्रार निवारण समिती, विद्यापीठ आणि महाविद्यालय न्यायाधिकरण, आणि त्यापुढे उच्च न्यायालय हे मार्ग उरतात. हे सगळे मार्ग कागदाचे आहेत. नियुक्तीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता, कार्यभाराचा तक्ता, सहसंचालकांचं पत्र ही जुळवाजुळव एकट्या माणसाला झेपत नाही. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात असल्या प्रकरणांचा अनुभव असलेला एखादा ज्येष्ठ सहकारी शेजारच्याच विभागात सापडतो. आडगावच्या महाविद्यालयात तो सापडत नाही. म्हणजे ज्याला संघटनेची गरज सगळ्यात जास्त, तोच तिच्या कार्यालयापासून सगळ्यात लांब. कारभाराची घडी या उलट्या प्रमाणाला उत्तर देणारी हवी, आणि ते उत्तर पदाधिकाऱ्यांच्या सद्भावनेवर न सोडता घटनेत लिहिलेलं हवं.

२०१३ चा बहिष्कार आठवून पाहा. महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, म्हणजे एम्फुक्टोने, ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मागण्या मुख्यतः दोन होत्या. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळावी, आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांच्या सेवा नियमित व्हाव्यात. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, बहिष्कार मागे घेतला गेला, आणि ७१ दिवसांच्या वेतनाचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. मागण्या रास्त होत्या की नव्हत्या, हा इथला विषय नाही. माझ्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखं हे की निर्णय राज्य पातळीवर झाला, त्याची किंमत मात्र महाविद्यालयागणिक, माणसागणिक चुकवली गेली. मोठ्या महाविद्यालयात बहिष्कार टाकणारे पन्नास असतात, तेव्हा प्राचार्यांचा रोष पन्नासांत वाटला जातो. जिथे तिघेच आहेत तिथे तो तिघांवरच येतो. जोखीम इतकी विषम असताना मतं मोजण्याची पद्धत मात्र सगळ्यांना सारखी ठेवणं मला न्यायाचं वाटत नाही.

आता मोजणीकडे येऊ. समजा एका संघटनेत शहरातली आठ महाविद्यालयं आहेत आणि प्रत्येकात पन्नास सभासद, म्हणजे चारशे. तालुक्यांत चाळीस महाविद्यालयं आहेत आणि प्रत्येकात पाच, म्हणजे दोनशे. कार्यकारिणी साध्या बहुमताने, पॅनेल लावून निवडली, तर चारशेंचं पॅनेल सगळ्या जागा घेऊन जाईल आणि चाळीस महाविद्यालयांच्या वाट्याला एकही येणार नाही. यात कुणी लबाडी केलेली नसते, हिशेबच तसा आहे. गंमत अशी की ज्या सरकारशी या संघटना भांडतात, त्याच सरकारच्या कायद्यात अधिक शहाणी पद्धत आहे. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अधिसभेवर शिक्षकांचे दहा प्रतिनिधी निवडले जातात. त्यातल्या पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त जाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी राखीव असतात, आणि मतदान पसंतीक्रमाने होतं. पाच खुल्या जागा असतील तर एकूण वैध मतांचा सहावा भाग अधिक एक, हा निवडून येण्याचा कोटा. सहाशे मतांत तो १०१ येतो. म्हणजे वरच्या उदाहरणातले दोनशे ग्रामीण प्राध्यापक एकत्र राहिले तर त्यांचा एक प्रतिनिधी कुणालाही अडवता येणार नाही, आणि दुसरा अवघ्या दोन मतांनी कोट्याबाहेर राहतो. अधिसभेच्या निवडणुकीत हा कोटा तोंडपाठ असलेली मंडळी स्वतःच्या संघटनेत तो का लावत नसतील, याचं मला नवल वाटतं.

याहून जवळचं उदाहरण कृषी उत्पन्न बाजार समितीचं आहे. मैंदर्गीच्या शेजारी दुधनीला अशी समिती आहे. अठरा संचालकांत अकरा सहकारी सोसायट्यांच्या गटातून, चार ग्रामपंचायतींच्या, दोन व्यापारी-अडत्यांच्या आणि एक हमाल-मापाड्यांच्या गटातून येतो. बाजार समित्यांचा कारभार आदर्श असतो असं कुणी म्हणणार नाही. पण तिची रचना ठरवणाऱ्याला एवढं कळलं होतं की पोती उचलणाऱ्याची जागा सरसकट डोकी मोजून कधीच लागणार नाही, ती राखूनच ठेवावी लागते. महाविद्यालयांत हे पोतं आज तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक उचलतो आहे. कंत्राटी शिक्षकांचं प्रमाण एकूण पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम सांगतात. भरती वर्षानुवर्षं रखडल्यावर मंजूर पदं रिकामी आणि तास मात्र घ्यायचेच, अशी अवस्था होते आणि ही मर्यादा कागदावर राहते. मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक नसल्याने या प्राध्यापकाला अधिसभेसाठी मत नाही. तिथे कायदा आडवा येतो. संघटनेची घटना मात्र सभासदांनीच लिहिलेली असते. सवलतीची वर्गणी, पूर्ण मताधिकार आणि कार्यकारिणीत राखीव जागा एवढं तिला सरकारला न विचारता देता येतं. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमले गेलेले, जुन्या निवृत्तिवेतनाला मुकलेले प्राध्यापक आज संघटनांत मध्यम वयाचे झाले आहेत. त्यांचं दुखणं संघटनेच्या मागण्यांत वर सरकलं ते त्यांची संख्या वाढल्यावर. तासिकेवरच्यांनीही संख्येचीच वाट पाहावी का?

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. लढ्याच्या वेळी शाखाशाखांना विचारत बसलो तर सरकार निघून जाईल, हा पहिला. पण तीन महिने चालणाऱ्या बहिष्काराला विचारायला आठवडा मिळत नाही, हे पटत नाही. शिवाय न विचारता काढलेला आदेश टिकत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने संपाच्या कौलासाठी निम्म्या सभासदांचं मतदान सक्तीचं केलं. तिथल्या विद्यापीठ शिक्षकांच्या संघटनेने आधी प्रत्येक विद्यापीठाचा कौल वेगळा मोजला, तेव्हा काही विद्यापीठं संपात आली आणि काही उंबरठ्याशीच अडली. २०२२ मध्ये सगळ्या देशाचा एकच कौल घेतला, तेव्हा सीमा ओलांडली गेली. २०२३ च्या शरदात पुन्हा मत मागितलं, तर कौल संपाच्या बाजूने असूनही मतदान निम्म्याच्या खाली राहिलं आणि संपाचा अधिकारच गेला. ती अट मला जाचक वाटते, पण तिने एक गोष्ट उघडी केली. कौल एकत्र मोजला तर कमकुवत शाखा झाकल्या जातात, आणि वेगळा मोजला तर एकजूट फुटते. दोन्ही मोजण्या ठेवाव्या लागतात. स्वित्झर्लंडमध्ये घटनादुरुस्तीला मतदारांचं बहुमत लागतं आणि कँटनांचंही. संघटनेच्या रोजच्या कामाला असली दुहेरी चाळण नको, ती अडगळ होईल. बहिष्कार, वर्गणीवाढ आणि घटनादुरुस्ती या तीनच बाबींना सभासदांचं बहुमत आणि महाविद्यालयांचं बहुमत, दोन्ही लावावीत. पाच जणांच्या महाविद्यालयाला पन्नास जणांच्या बरोबरीने का बसवायचं, या दुसऱ्या आक्षेपाचंही उत्तर यातच आहे. बरोबरीने बसवलं तरी एकट्याच्या बळावर त्याला काही ठरवता येत नाही. पन्नासांनाही त्याला डावलून ठरवता येत नाही, एवढंच.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. शासन निर्णय, विनियम, न्यायालयीन निकाल यांचं हे काम अभ्यासाचं आहे, पदाधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलले तर ते ज्ञान कुठे राहणार? विदर्भात प्रा. बी. टी. देशमुख यांनी नुटाचं नेतृत्व दशकानुदशकं केलं, विधान परिषदेत अमरावती पदवीधर मतदारसंघाचं प्रतिनिधित्वही प्रदीर्घ काळ केलं, आणि त्यांच्या अभ्यासाचा धाक मंत्रालयात होता. असा माणूस मुदत संपली म्हणून बाजूला काढायचा का? पण नुटाकडे नीट पाहिलं तर त्या ज्ञानाचा मोठा भाग ‘नुटा बुलेटिन’च्या अंकांत उतरलेला दिसतो. सभांच्या सूचना, विषयपत्रिका, इतिवृत्तं, हिशेब, शासन निर्णय, याचिका, सारं छापून सभासदांपर्यंत जात राहिलं. कुठल्याही आडगावच्या प्राध्यापकाला अंक उघडून आपल्या संघटनेने काय ठरवलं ते वाचता येतं. तेव्हा अनुभवी माणसाला सल्लागार म्हणून जरूर ठेवावं, पण अध्यक्षपद आणि सचिवपद दोन मुदतींनंतर सुटावं. आणि ज्या संघटनेचं ज्ञान एकाच सचिवाच्या कपाटात आहे, तिने मुदतीची चिंता करण्याआधी छापखाना गाठावा. हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर झाला म्हणजे सभासदांना कळला, असं होत नाही.

राहता राहिला अडसर घटनादुरुस्तीचा. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्यात संस्थेचा उद्देश बदलायचा तर तीन पंचमांश मतं आणि महिन्याच्या अंतराने दोन सभा लागतात. नियमांतले बाकीचे बदल ज्या त्या संस्थेच्या घटनेप्रमाणे होतात आणि त्यासाठीही सहसा साध्या बहुमताहून जास्त मतं मागितलेली असतात. ही मतं बहुधा सभेत हजर असलेल्यांचीच मोजली जातात. सभा शहरात, रविवारी सकाळी अकराला, तर हजर कोण राहणार हे उघड आहे. ज्यांच्यासाठी दुरुस्ती करायची ते दोनशे घरी, आणि जे येतात त्यांच्या हातातल्या जागा कमी व्हायच्या. म्हणून दुरुस्तीचा क्रम उलटा धरावा लागेल. आधी एकच नियम मंजूर करून घ्यायचा: घटनेवरचं मतदान सभेत न घेता प्रत्येक महाविद्यालयात, एकाच दिवशी, गुप्त मतपत्रिकेने. यात शहरातल्या कुणाचीही जागा जात नाही, त्यामुळे शहरी सभासदांकडूनही तो संमत होण्यासारखा आहे. पसंतीक्रम, राखीव जागा आणि मुदतीचे प्रस्ताव त्यानंतरच्या मतपत्रिकेवर आणावेत, आणि मोजणी महाविद्यालयनिहाय जाहीर करावी.