हवेची गोधडी

मुंबईत ‘बाल्कनी आत घेतली’ म्हटलं की सगळ्यांना कळतं: ग्रिल बसलं, काचा लागल्या, खोली चार फुटांनी वाढली. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात नेमका उलटा खेळ झाला. तिथे उभ्या इमारतींना बाहेरून नव्या खोल्या जोडल्या आणि त्यानेच घरं उबदार झाली.

ग्राँ पार्क ही १९६०च्या दशकातली कमी भाड्याची सार्वजनिक वसाहत. तिच्यातल्या दहा ते पंधरा मजल्यांच्या तीन इमारती, ५३० घरं, सगळी भरलेली. आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या वास्तुविशारद जोडीने दोन सहकाऱ्यांसह त्या न पाडता वाढवल्या. याच जोडीला १९९६मध्ये याच शहरातला एक चौक सुशोभित करायला सांगितलं होतं. त्यांनी तो नीट पाहिला आणि कळवलं, चौक छान आहे, फक्त देखभाल करा! मला ही माणसं तिथेच आवडली.

आता गंमत पाहा. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे स्लॅब आणि खांब क्रेनने आणून इमारतीला लागून मजल्यावर मजला रचले, भिंतीशी मांडणी उभी करावी तसे. या मांडणीचं ओझं जुन्या इमारतीवर नाही, ती स्वतःच्या पायांवर उभी. मग खिडकीखालची भिंत कापली आणि तिथे जमिनीपासून छतापर्यंत काचेचं सरकतं दार बसवलं. एका घराचं काम साधारण १२ ते १६ दिवसांत आटोपलं. संक्रमण शिबिर नाही, कुणी घर सोडलं नाही. भाडंही वाढलं नाही.

नवी जागा ३.८ मीटर खोल, म्हणजे साडेबारा फूट. तिच्या बाहेरच्या बाजूला काच आणि पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे सरकते पत्रे, आतल्या बाजूला ते मोठं दार. मधे कोंडलेली हवा. गोधडीत ऊब धरून ठेवते ती थरांमध्ये अडकलेली हवाच. इथे तो थर एवढा जाड केला की त्यात खुर्ची टाकून बसता येतं. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन तिरकं आत शिरतं, फरशी तापते. तापल्या फरशीतून निघणारी उष्णता मात्र काचेतून ऊन आलं तशी सहज बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅबच छत्री होतो. पत्रे सरकवायचे, पडदे ओढायचे, की वारा खेळतो. यात बटण नाही, मोटर नाही. हे यंत्र घरातली माणसं हाताने चालवतात.

२०१९मध्ये या कामाला युरोपचा मीस व्हान डेर रोहे पुरस्कार मिळाला, २०२१मध्ये लाकातों-वासाल यांना वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक. छायाचित्रांत मात्र वास्तुकलेपेक्षा संसारच जास्त दिसतो: काचेआड कुंड्या, कुणाचं जेवणाचं टेबल, कुणाचा सोफा.