‘पानी’ म्हणणारी मुले आणि पहिलीचा वर्ग

शिक्षणाविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले जाते. पण ते बोलणे बहुधा वसतिगृह, शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि विद्यापीठ यांच्यापाशी सुरू होते. त्याच्या कितीतरी आधी, सहा वर्षांचे मूल सतरंजीवर बसून पाटी पुढे घेते, त्या वर्गात रोज काय घडते याची चर्चा आपण फारशी करत नाही. मी प्राथमिक शिक्षक आहे. नागऱ्याला काही वर्षे मी पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. तेथे जे पाहिले व स्वतः केले त्याविषयी लिहितो आहे.

नागरा हे गोंदिया शहराच्या जवळचे गाव. बाहेरच्यांना ते जुन्या शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ठाऊक असते. भोवती धानाच्या बांध्या. मुलांच्या कानावर घरी झाडीबोली किंवा पोवारी पडते, बाजारात हिंदी पडते, छत्तीसगढीही परकी नाही. पाठ्यपुस्तकातली मराठी ही त्यानंतरची भाषा. जिला आपण सहजपणे ‘मातृभाषा’ म्हणतो ती यातल्या पुष्कळ मुलांच्या मातेची भाषा नाही, एवढी साधी गोष्ट प्रशिक्षणात मला कोणी सांगितली नव्हती.

परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका. समानता हा शब्द मुले रोज खणखणीत आवाजात म्हणतात. मग हजेरी आणि मग वाचन. चित्रात नळ असतो, खाली शब्द असतो ‘पाणी’. मूल चित्र पाहते, शब्द ओळखते आणि म्हणते, ‘पानी’.

या एका क्षणी शिक्षक काय करतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ही नाही. डोळा तेथे डोरा होतो. म्हणजे मुलाची जीभ जड आहे असे नव्हे. त्याच्या बोलीची ध्वनींची व्यवस्थाच निराळी आहे आणि त्या व्यवस्थेनुसार ते अगदी बरोबर बोलते. शिवाय त्याने शब्द वाचलेला आहे. चित्र, अक्षरे आणि अर्थ यांची सांगड त्याने घातली आहे. वाचन म्हणतात ते हेच. अशा वेळी ‘चूक! पाणी म्हण’ असे दरडावले, तर मुलाला कळते ते एवढेच की आपण वाचले तरी चुकतो.

मी फळ्यावर दोन रकाने पाडत असे. एकात ‘घरी’, दुसऱ्यात ‘पुस्तकात’. घरी पानी, पुस्तकात पाणी. घरी डोरा, पुस्तकात डोळा. मुले स्वतःच शब्द शोधून आणत आणि रकाने भरत. काही आठवड्यांत त्यांना उमगे की ‘ण’ कानाने नव्हे, डोळ्याने लक्षात ठेवायचा. श्रुतलेखनात मूल कानाने ऐकून लिहिते, आणि ज्या कानाला न व ण यांतला भेद नाही त्याने तो लिहावा अशी अपेक्षा आपण करतो. म्हणून मी श्रुतलेखन कमी केले, पाहून लिहिणे वाढवले. लिहिताना ‘ण’ चुकला तर दाखवून द्यावा. बोलताना ‘न’ आला तर ती चूक नव्हे.

हे शहाणपण मला उशिरा आले. माझ्या लहानपणी, दुसऱ्या एका शाळेत, मी ‘पानी’ म्हटले म्हणून गुरुजींनी मला उभे करून वीस वेळा ‘पाणी’ म्हणायला लावले होते. वर्ग हसला. पुढे कित्येक दिवस मला तहान लागली की मी तोंडाकडे अंगठा दाखवत असे. शब्द उच्चारत नसे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेविषयी लिहिले आहे. बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी. तेथे पाणीच नाकारले होते, मला फक्त शब्द. या दोन गोष्टी सारख्या नाहीत आणि त्या वेदनेत मी फुकटचा वाटा मागत नाही. पण शब्दालाही सोवळे असते हे मला त्या दिवशी कळले.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत अशी मागणी होती. गावच्या मुलांत मिसळणारा, त्यांच्या गरजा जाणणारा शिक्षक त्यांना हवा होता. मी त्या मागणीचे फळ आहे. आणि तरीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलांवर सर्वांत जास्त मीच ओरडलो! तो ‘ण’ मी अपमान सोसून मिळवला होता. तो कोणी फुकट वापरू नये किंवा फुकट टाकू नये असे मला वाटत असावे. तळातून आलेला शिक्षक आपोआप तळाचा राहत नाही, हे कबूल केले पाहिजे.

गणितात याउलट अनुभव येतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात ज्यांची माणसे जंगलभागात संकलनाला जातात त्या मुलांना ७० पानांचे एक पुडके ठाऊक असते. दोन पुडक्यांची १४०, तीनांची २१०, असे ती तोंडी सांगतात. सत्तरचा पाढा पुस्तकात नाही म्हणून ते गणित धरले जात नाही. रोवणीच्या दिवसांत हीच मुले धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात आणि हजेरीपटावर ‘अनियमित’ ठरतात.

दुपारच्या खिचडीविषयी थोडेसे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली शालेय आहाराच्या स्वयंपाकी व मदतनीसांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे असा आदेश दिला. कोणाच्या हातचे खायचे हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोचला, यावरून पंगत ही नुसती जेवणाची वेळ नसते हे दिसते. वर्गात मी पाणी भरणे, वाढणे, झाडणे ही कामे हजेरीच्या क्रमांकाने वाटत असे. कोण काय करील हे गुरुजींच्या मनावर सोडले, की झाडू बहुधा ठरलेल्याच हातांत जातो; माझ्या हातात तो तसाच आला होता.

राहिला निबंध. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. शाळेत जाऊन फार वर्षे झाली नव्हती, पण आपल्या जगण्यावर लिहायला तिला कोणी अडवले नाही. आमच्या वर्गांत ‘माझी आई’ या विषयाच्या आठ ओळी फळ्यावर लिहून दिल्या जातात आणि तीसही वह्यांत एकच आई उतरते. मी फळा कोरा ठेवला. दुसरीतल्या एका मुलीने तीनच वाक्ये लिहिली. माय रोवनीला जाते, तिचे डोरे दुखतात, तिच्यासाठी पानी नेते.

एका शिक्षकमित्राला मी ती वही दाखवली. तो आपल्यातलाच. वाचून थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘हे छान आहे, पण परीक्षेत हिचे गुण कापतील, तेव्हा तू असशील का तिथे?’ मी त्याला दोन रकाने दाखवले. तो म्हणाला, ‘रकाने फळ्यावर असतात, उत्तरपत्रिकेवर नसतात.’ तेव्हापासून मी मुलांना निबंध दोनदा लिहायला सांगतो. एकदा घरचा, एकदा पुस्तकातला. दुसऱ्या खेपेला पुष्कळांची माय पुन्हा फळ्यावरच्या आईसारखी होते. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.