बाससाठी रॉड कोणत्या ब्रँडचा घ्यायचा?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" थोडे छाटलेत.)

टेक्सासात नव्याने आलेल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आहे. "दादा, पहिल्या पगारातले दीडशे डॉलर बाजूला काढलेत. बास पकडायला रॉड आणि रील घ्यायचंय. ब्रँड कुठला, एका शब्दात सांग."

एका शब्दात सांगायचं तर सेंट क्रॉय. पण हे माझं उत्तर झालं. तुझं वेगळं निघू शकतं.

आधी एक खुलासा, कारण भारतातून ऐकणारे हमखास विचारतात. हॉटेलात फिश फिंगर म्हणून येतो तो बासा वेगळा, तो मिशावाला कॅटफिश. आपण बोलतोय लार्जमाउथ बासबद्दल. हा अमेरिकेतल्या तळ्यांमधला, मोठ्या तोंडाचा हिरवट मासा. शेवाळात, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत दबा धरून बसतो. गळ लागला की परत तिथेच घुसतो. म्हणून त्याला ओढून बाहेर काढायची ताकद रॉडमध्ये हवी.

या ताकदीला पॉवर म्हणतात. रॉड वाकवायला किती जोर लागतो, ते. आणि तो नेमका कुठून वाकतो, त्याला ॲक्शन म्हणतात. फास्ट असेल तर फक्त टोकाकडे, मॉडरेट असेल तर पार मधल्या भागापर्यंत. रबरी किडा शेवाळातून ओढायचा असेल तर मीडियम-हेवी, फास्ट घ्या. गळ जाड असतो, जबड्यात जोराने रुतवावा लागतो. पण क्रँकबेट, म्हणजे तीनतोंडी गळ लावलेला प्लास्टिकचा मासा वापरणार असाल तर मॉडरेटच बरा. ते गळ बारीक असतात, ताठ रॉडने हिसका दिला की सुटून येतात.

आता खरी गोम. या "मीडियम-हेवी"चं सगळ्या कंपन्यांना बांधील असं एक माप नाहीये! एका कंपनीचा मीडियम-हेवी दुसरीच्या हेवीसारखा लागतो. बुटाच्या नंबरसारखंच आहे हे. म्हणून लोक एका ब्रँडला चिकटून राहतात, आणि मला ते पटतं. हाताला त्या कंपनीचं माप कळलं की पुढचा रॉड न बघताही मागवता येतो. सेंट क्रॉयशी माझं नातं एवढंच आहे. कंपनी विस्कॉन्सिनमधल्या पार्क फॉल्सची, 1948 पासूनची. पण सगळे रॉड तिथे बनत नाहीत, काही मेक्सिकोतल्या कारखान्यात बनतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

नावावरून भांडणाऱ्यांसाठी अजून एक. जी. लूमिस 1997 पासून शिमानोची आहे. अग्ली स्टिक, फेनविक, अबू गार्सिया ही तिन्ही नावं प्युअर फिशिंग या एकाच कंपनीकडे. तेव्हा ग्रुपवर एकमेकांचे गळे धरण्याआधी जरा थांबा.

मग तुझ्या दीडशे डॉलरचं काय? सेंट क्रॉयचा मोजो बास घेतलास तर रीलला पैसेच उरणार नाहीत. अग्ली स्टिक घे. 1976 पासून बाजारात आहे, पन्नासच्या आसपास मिळतो. ग्राफाइटमध्ये फायबरग्लास मिसळलेला असल्यामुळे जड आहे, माशाने हलकं तोंड लावलं तर हाताला तेवढं स्पष्ट कळत नाही. पण दणकट आहे. महागडे ग्राफाइट रॉड हलके आणि ताठ असतात, पण ठिसूळही. त्यांचा जीव माशापेक्षा गाडीच्या दारात आणि सीलिंग फॅनमध्ये जास्त जातो. वॉरंटी असली तरी ती सहसा बनावटीतल्या दोषाला असते, फॅनला नाही.

सात फुटी, मीडियम-हेवी घे. हँडलजवळ किती वजनाचं आमिष चालेल ते छापलेलं असतं. पाऊण औंसापर्यंत, म्हणजे साधारण 21 ग्रॅमपर्यंत चालणारा पुरे. उरलेल्या पैशांत बरं रील, दोरी आणि हो, लायसन्स! टेक्सासात सतरा पूर्ण झाले की ते लागतं.

पुढच्या भागात रील. तोवर दुकानात जाऊन तीन-चार कंपन्यांचे मीडियम-हेवी हातात धरून बघ, आणि कुठला ताठ लागला ते मला व्हॉइस मेसेजवर कळव.