एक लाख मर्जीचे मालक

शून्य की एक? मनाला येईल ते बटण दाबायचं आणि दाबतच राहायचं. ३० नोव्हेंबर २०१६ला जगभरातल्या सुमारे एक लाख लोकांनी हा रिकामटेकडा वाटणारा उद्योग चक्क विज्ञानासाठी केला. बार्सिलोनाजवळच्या शास्त्रज्ञांनी आखलेल्या या ‘बिग बेल टेस्ट’मध्ये ९.७ कोटींहून अधिक शून्य-एक गोळा झाले आणि पाच खंडांतल्या १२ प्रयोगशाळांत काय मोजायचं, हे त्यांवरून ठरलं.

एवढा खटाटोप कशाला? भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या क्वांटम कणांच्या मोजमापांविषयीच्या १९६४च्या प्रमेयात एक गोष्ट गृहीत आहे: काय मोजायचं ही निवड आणि कणांची आधीची अवस्था यांचं संगनमत नसावं. यंत्रावर तसा संशय घेता येतो, म्हणून माणसाची लहरच कामाला जुंपली. म्हणजे इच्छास्वातंत्र्य आहे की नाही याचा निकाल लागायच्या आत भौतिकशास्त्राने ते उसनं घेतलंसुद्धा! त्यात लहरीपणात आपण कच्चे. सलग पाच-सहा वेळा शून्य दाबायला बोट धजत नाही. बटणं दाबायच्या त्या खेळात तर आपला पुढचा अंक ओळखू पाहणारा संगणकही बसवला होता.

माणूस नको? मग क्वेसार, म्हणजे आकाशातले अतिदूरचे तेजस्वी स्रोत घ्या. २०१८च्या एका प्रयोगात ही निवड किमान ७.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशावर सोपवली. संगनमत असलंच, तर ते पृथ्वी जन्मायच्याही आधीचं!

सगळं आधीच ठरलेलं असण्याची ही शंका जुनीच. विश्वातला प्रत्येक कण आणि त्यावरचं प्रत्येक बल जाणणाऱ्या बुद्धीला सगळं भविष्य उघडं दिसेल, असं गणितज्ञ लाप्लास यांनी १८१४मध्ये मांडलं. क्वांटम सिद्धान्तातली अनिश्चितता पाहून ‘सुटलो’ म्हणणारे मात्र घाई करतात. फासे टाकून ठरवलेलं लग्न म्हणजे काही स्वतःची पसंती नव्हे.

गणितज्ञ जॉन कॉनवे आणि सायमन कोचेन यांनी २००६मध्ये गणितच मांडलं: प्रयोग करणाऱ्याला जरासं स्वातंत्र्य असेल, तर ते कणालाही आहे. हेच कॉनवे ‘गेम ऑफ लाइफ’चे जनक. १९७०मध्ये जगासमोर आलेल्या त्या खेळात मर्जी नावालाही नाही. पटावरची एखादी चौकट जगणार की मरणार, हे शेजारच्या आठ चौकटींवरून ठरतं. तरीही कोणतीही मांडणी दिली की ती पुढे विझेल का, हे हमखास सांगणारी एकच रीत असूच शकत नाही. नियम पक्के, पण खेळ चालवूनच बघावा लागतो! नियम आणि मर्जी एकत्र नांदतात म्हणणाऱ्यांनी फाशांऐवजी हा खेळ पुढे करावा. खुद्द कॉनवे मात्र त्याच्या कीर्तीला पार वैतागले होते.