माशाची अंडी : काढणी, खारवण आणि बियाण्याचा विचार

जगात सर्वांत महाग विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांत कॅव्हिअरची गणना होते. कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन या माशाची खारवलेली अंडी. आपल्याकडेही माशाची अंडी आवडीने खाल्ली जातात. कोकणात त्यांना गाबोळी म्हणतात. अचलपूर परिसरात सापन, चंद्रभागा, शहानूर या धरणांतील व गावतळ्यांतील रोहू, कटला, मृगळ हे मासे बाजारात येतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांतील माद्यांच्या पोटात अंडी भरलेली असतात. ही अंडी कोणत्या माशाची काढावी, कोणत्या माशाची काढू नये आणि काढल्यावर ती कशी टिकवावी, याची माहिती मत्स्यपालक बंधूंना असणे आवश्यक आहे.

कॅव्हिअर कसे तयार होते?

स्टर्जन हा थंड पाण्यातील मोठा मासा असून त्याचे मूळ क्षेत्र मुख्यतः कॅस्पियन व काळा समुद्र आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या हे आहे. मादीची अंडी पूर्ण वाढलेली, परंतु अद्याप टणक व अंडाशयाला चिकटलेली असतानाच ती काढतात. मादी मारून, पोट चिरून अंडाशय अखंड बाहेर घेतात. तो जाळीच्या चाळणीवर हलक्या हाताने घासला की अंडी खाली पडतात आणि पडदा व चरबी वर राहते. ही अंडी थंड पाण्याने धुऊन निथळतात व त्यांत शेकडा ३ ते ५ या प्रमाणात बारीक मीठ मिसळतात. काही मिनिटांत मिठामुळे अंड्यातील पाणी सुटते आणि दाणा घट्ट होतो. पुन्हा निथळून, हवा राहणार नाही अशा बेताने डब्यात दाबून भरतात आणि शून्य अंशाच्या किंचित खाली साठवतात. मीठ कमी असल्याने सगळी भिस्त थंडाव्यावर असते.

या धंद्यातून घेण्यासारखा धडा मात्र वेगळाच आहे. बेलुगा जातीच्या स्टर्जनची मादी वयात येण्यास १५ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. अंड्यांसाठी अशा माद्यांची बेसुमार मारणी झाली, नद्यांवर धरणे झाल्याने अंडी घालण्याच्या जागा तुटल्या आणि मासा नष्ट होण्याच्या मार्गाला लागला. अखेर १९९८ पासून सर्व जातींच्या स्टर्जनच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने बंधने आली. आज बाजारातील बहुतेक कॅव्हिअर संवर्धित माशांचे असते व उत्पादनात चीन आघाडीवर आहे. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हा मासा तगणार नाही. त्यामुळे त्याच्या संवर्धनाच्या जाहिरातींना भुलू नये.

आपल्या माशांची गोष्ट

रोहूची मादी साधारणपणे दुसऱ्या वर्षाअखेर वयात येते. तिच्या शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे दोन लाख अंडी असतात. ही अंडी जेमतेम एक मिलिमीटरची, म्हणजे स्टर्जनच्या अंड्यापेक्षा बरीच लहान असतात.

रोहू, कटला व मृगळ हे मासे तळ्याच्या स्थिर पाण्यात अंडी सोडत नाहीत. त्यांना नदीचे वाहते, पुराचे पाणी लागते. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि बीज केंद्रांचा पाया घातला गेला.

यावरून दोन गोष्टी ठरतात :

१) बारमाही, बंदिस्त तळ्यातील दोन वर्षांच्या रोहू मादीची अंडी काढण्यात नुकसान नाही. ती तेथे फलित होणार नसतात. पावसाळा सरला की ती मादीच्या शरीरातच जिरतात.

२) नदी-नाल्यांतील व धरणातून पुराच्या पाण्यावर चढणारी मादी मारणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून खाणे होय. दीड किलोच्या मादीपासून फार तर पावशेर अंडी मिळतील. तिच्या पोटात मात्र तीन लाख अंडी असतात. त्यांपैकी हजारी एक जरी जगून अर्ध्या किलोची झाली, तरी दीड क्विंटल मासळी होते.

पहिल्या पुराला चढणीचे मासे धरण्याची हौस गावोगावी असते. ती मोडणे सोपे नाही. परंतु मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांनी जून ते ऑगस्टमध्ये नाल्यांच्या तोंडाशी जाळी न लावण्याचा ठराव करून तो पाळल्यास लाभ त्यांच्याच सभासदांना होईल.

शेततळ्यात मार्चपर्यंतच पाणी राहत असेल, तर आठ-दहा महिन्यांच्या माशात अंडी मिळणार नाहीत. अशा ठिकाणी मासळीच विकावी.

काढणी व प्रक्रिया

१) मे ते जुलैच्या मध्यापर्यंत मादी भरलेली असते. पोट फुगीर व मऊ, गुदद्वार लालसर सुजलेले आणि छातीचा पर हाताला गुळगुळीत लागतो. नराचा पर खरखरीत असतो.

२) आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. पहाटे मासे पकडून लगेच बर्फात घालावेत.

३) गुदद्वारापासून पुढे, सुरीचे टोक वरवर ठेवून चीर द्यावी. पित्ताची पिशवी फुटल्यास अंडी कडू होतात.

४) अंडाशयाच्या दोन्ही लडी अखंड काढाव्यात. दाणा बारीक असल्याने त्या चाळणीवर घासू नयेत. रक्ताच्या शिरा टोचून हलकेच दाबून रिकाम्या कराव्यात.

५) एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात २० ते ३० ग्रॅम मीठ घालून लडी धुवाव्यात व निथळाव्यात.

६) पिशवीत बंद करून बर्फात ठेवाव्यात. शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी विकाव्यात. जास्त दिवस ठेवायच्या असल्यास उणे १८ अंशांवर गोठवाव्यात.

भूमध्य समुद्राकाठी बोय माशाची अंडी लडीसकट खारवून, दाबून वाळवितात. आपल्याकडे मात्र काढणीच्या दिवसांत हवा दमट असल्याने उघड्यावर वाळवण करू नये, बुरशी येते.

दक्षता

गोड्या पाण्यातील माशाची अंडी कॅव्हिअरसारखी कच्ची खाऊ नयेत. मीठ लावल्याने परोपजीवी जंतू मरतातच असे नाही. ती आतपर्यंत शिजवावी किंवा तळावी. काही जातींच्या माशांची अंडी विषारी असतात, म्हणून अनोळखी माशाची अंडी टाकून द्यावी. टिकविण्यासाठी फॉर्मॅलिनसारखे रसायन कदापि वापरू नये.

सारांश, तळ्यातील अंडी हे मत्स्यपालकाचे जोडउत्पन्न आहे आणि नदीतील अंडी हे पुढच्या हंगामाचे बियाणे आहे. हा फरक ध्यानात ठेवूनच सुरी हाती घ्यावी.