टॉवरखालच्या कपाटाची भूकंप-परीक्षा

कोडोलीतून केलेला फोन आधी जवळच्या टॉवरपाशी पोहोचतो. त्या टॉवरच्या पायथ्याशी पोलादी कपाटात वीजपुरवठ्याची मॉड्यूल्स, फायबरची जोडणी आणि जड बॅटऱ्या असतात. कोडोली कोल्हापूर जिल्ह्यात, वारणेच्या खोऱ्यात आहे. नदीच्या वरच्या अंगाला चांदोलीचं धरण आणि वायव्येला कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला जो भूकंप झाला, त्यात धरणातल्या मापकावर गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, म्हणजे ०.६३ जी, इतकं त्वरण नोंदलं गेलं. १९९३पासून वारणा जलाशयाच्या परिसरातही भूकंप होत आले आहेत. आयएस १८९३ : २०१६च्या नकाशात कोयना चौथ्या भूकंपक्षेत्रात आणि कोल्हापूर तिसऱ्या क्षेत्रात येतं. त्यामुळे हे कपाट हादरा सोसेल का, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे.

अशा उपकरणाला तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली परीक्षा कंपनाची. कारखान्यातून निघालेलं उपकरण ट्रकमधून महामार्गाने येतं आणि वाठारहून आत कोडोलीकडे वळतं. या प्रवासात ते सतत थरथरत असतं. प्रयोगशाळेत ते शेकर नावाच्या यंत्रावर घट्ट बसवतात. लाउडस्पीकरप्रमाणेच चुंबकीय क्षेत्रातली कॉइल इथे मंच हलवते. कंपनाची वारंवारता हळूहळू वाढवत नेतात. एक नेहमीचा टप्पा १० ते ५५ हर्ट्झचा. प्रत्येक वस्तूची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. बाहेरचं कंपन तिच्याशी जुळलं की छोटी थरथर मोठी होते. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो, तसंच हे. सर्किट बोर्डाचा मधला भाग अशा वेळी लवतो, सोल्डरचे सांधे तडकतात, कनेक्टर सैल होतात. खऱ्या रस्त्यावर अनेक वारंवारता एकत्र येतात, म्हणून यादृच्छिक कंपनाचीही चाचणी घेतात.

दुसरी परीक्षा धक्क्याची. हमालाच्या हातून खोकं निसटतं, ट्रक खड्ड्यात आदळतो. इथे जोर मोठा आणि वेळ अत्यल्प. प्रचलित चाचणीत १५ जीचा धक्का ११ मिलिसेकंद देतात. सहा दिशांना प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण १८ धक्के.

तिसरी परीक्षा भूकंपाची. भूकंपात हालचाल संथ, पण लांब पल्ल्याची असते, आणि साध्या शेकरचा पल्ला त्याला पुरत नाही. म्हणून तेलाच्या दाबावर चालणारे मोठे मंच वापरतात. बेंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेतला असा मंच ३ मीटर लांब-रुंद आहे आणि १० टनांपर्यंतचं वजन हलवतो.

दूरसंचार क्षेत्रात अमेरिकी जीआर-६३ हे मानक जगभर मानलं जातं. विविध भूकंप, जमिनी आणि इमारती धरून बनवलेला सुमारे ३१ सेकंदांचा हादरा कपाटाला पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली असा स्वतंत्रपणे देतात. कपाटाची नैसर्गिक वारंवारता २ हर्ट्झच्या वर हवी, कारण भूकंपाचा बराच जोर कमी वारंवारतेत असतो. त्याचा माथा ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त झुकू नये. सांगाडा मोडू नये आणि हादऱ्यानंतर यंत्रणा सुटे भाग न बदलता चालावी.

या परीक्षेत कपाट मंचाला बोल्टने जखडलेलं असतं, आणि निकाल त्याच अवस्थेला लागू होतो. तेच कपाट गावात नुसतं फरशीवर ठेवलं, तर प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. हादऱ्यात ते सरकेल, कलंडेल, फायबर तोडेल. बॅटऱ्या मांडणीवरून घसरल्या तर वीज गेल्यावर टॉवरही बंद पडेल, आणि नेमक्या त्याच घडीला रुग्णवाहिकेला फोन लागणार नाही.

म्हणून ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा केबल व्यावसायिकाच्या खोलीत असा रॅक असेल, तर तो काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने बसवला आहे का, बॅटऱ्यांना पट्टी आहे का आणि केबलला थोडी ढील ठेवली आहे का, हे पाहून घ्या. नसेल तर जोडणी करणाऱ्याकडून ते काम करून घ्या.