जपानला गेलेल्या पोराचे पैसे जूनपासून कमी का येतात? समजून घ्या तिथला 'रहिवासी कर'

आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वृद्धांची सेवा करायच्या कामावर जपानला गेला. वर्षभर घरी ठरलेले पैसे येत होते. यंदा जूनच्या पगारानंतर रक्कम कमी आली. वडिलांना वाटलं, पोरगं वाईट नादाला लागलं. फोनवर भांडण झालं. शेवटी त्याने पगाराच्या कागदाचा फोटो पाठवला, तेव्हा कळलं की त्यात एक नवीन कपात होती. हा तिथला रहिवासी कर, जपानी भाषेत 'जुमिनझेई'.

हा कर कसला?
आपल्याकडे ग्रामपंचायत घरपट्टी घेते, ती घरावर असते. जपानचा हा कर माणसावर असतो. तिथली नगरपालिका आणि प्रांत मिळून तो घेतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही तो लागतो, परदेशी माणसालाही सूट नाही. सगळ्या वजावटी जाऊन जी कमाई उरते, तिच्यावर साधारण १० टक्के, आणि वर्षाला ५,००० येन ठरलेले. सरकारचा आयकर यापेक्षा वेगळा.

पहिल्या वर्षी का कापला नाही?
कारण हा कर मागच्या वर्षाच्या कमाईवर बसतो. जानेवारी ते डिसेंबरची कमाई धरतात आणि पुढच्या जूनपासून त्यानंतरच्या मेपर्यंत १२ हप्त्यांत पगारातून कापतात. नवीन माणसाची आदल्या वर्षाची तिथली कमाईच नसते, म्हणून सुरुवातीला काही लागत नाही.

महिना १ लाख ८० हजार येन पगार धरा. एप्रिलला गेलेल्याचे पहिल्या वर्षी ९ महिनेच भरतात, म्हणून पहिल्या जूनपासूनची कपात त्यामानाने कमी असते. त्याच्या पुढच्या जूनला पूर्ण वर्षाची कमाई धरली की कपात सहा हजाराच्या आसपास जाते. म्हणजे दुसऱ्यांदाही पैसे कमी येणार, हे घरच्यांनी आधीच धरून चालावं. कर्जाचा हप्ता पहिल्या वर्षाच्या पैशावर बांधू नका.

१ जानेवारी ध्यानात ठेवा
१ जानेवारीला तुम्ही ज्या गावचे रहिवासी, त्या गावाला वर्षाचा कर जातो. फेब्रुवारीत दुसऱ्या गावी गेलात तरी जुन्याच गावाला भरायचा. कायमचं परत यायचं असेल तर तारीख बघून या. डिसेंबर संपायच्या आत देश सोडला, तर त्या वर्षाच्या कमाईवर हा कर बसत नाही. जानेवारीत निघालात, तर बसतो. आधीचे राहिलेले हप्ते मात्र दोन्हीकडे भरावेच लागतात. निघण्याआधी कंपनीला सांगून शेवटच्या पगारातून एकदम कापून घ्या, नाहीतर तिथला कोणी माणूस कर भरायला नेमून ठेवा.

काम बदललं तर
इथंच पोरं अडकतात. कंपनी सोडली की कापणारं कोणी राहत नाही, भरणा पावत्या घरी येतात. जपानी वाचता येत नाही म्हणून कागद बाजूला टाकतात. मग दंड वाढतो, बँक खातंही जप्त होऊ शकतं, आणि कुशल कामगार व्हिसा वाढवताना कर भरल्याचा दाखला मागतात. पत्ता बदलला तर १४ दिवसांत पालिकेत नोंद करायची.

घरच्यांनी काय करावं?
आईवडील पोरावर अवलंबून असतील तर कर कमी होऊ शकतो. पण नियम कडक आहे. ३० ते ६९ वयाच्या माणसासाठी, तो अपंग किंवा परदेशात शिकणारा नसेल, तर वर्षाला किमान ३ लाख ८० हजार येन पाठवलेले दिसले पाहिजेत, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. तेही प्रत्येकाच्या नावावर वेगळे. सगळे पैसे वडिलांच्या खात्यावर गेले, तर आईसाठी वजावट मिळत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना रकमेची ही अट नाही, पण पैसे पाठवल्याचा पुरावा लागतोच. कोणाच्या हाती रोख पाठवलेले धरत नाहीत. म्हणून आईचं खातं वेगळं काढा, बँकेच्या पावत्या जपा, आणि नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला जपानी भाषांतरासह पोराकडे पाठवा.

आणि जूनला पैसे कमी आले, तर भांडायच्या आधी पगाराचा कागद मागा.